वॉटरशेड म्हणजे पाणलोट की जलविभाजक? आणि कर्ब का कार्बन?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही आठवीच्या पोरांच्या भित्तिपत्रकासाठी मजकूर करताय, विषय असा की हिमनद्या आणि वॉटरशेड हे सेंद्रिय कार्बन नद्यांमध्ये आणि तिथून समुद्रात कसा नेतात. वॉटरशेडला तुम्ही 'जलविभाजक' लिहिलंय, 'डिझॉल्व्ह्ड ऑरगॅनिक कार्बन'ला 'विद्राव्य सेंद्रिय कार्बन', आणि विचारताय की हे चालेल का, शिवाय कार्बन ठेवू की कर्ब.

जलविभाजक काढून टाका. इथे पाणलोटच पाहिजे.

तुमची चूक नाहीये म्हणा, घोळ मुळात इंग्रजीतच आहे. वॉटरशेडमधला 'शेड' म्हणजे आपली पत्र्याची शेड नव्हे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळं करणं, वाटणं, आणि जर्मनमध्ये याच अर्थाचा 'वासरशाइड' आहे. म्हणजे मूळ अर्थ पाण्याची वाटणी करणारा डोंगराचा माथा, आणि ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत तोच धरला जातो. पण अमेरिकन लोक हा शब्द त्या माथ्याच्या आतल्या सगळ्या जमिनीला वापरायला लागले, म्हणजे जिथला पाऊस शेवटी एकाच नदीत येतो ती सगळी जमीन. शब्द एक, अर्थ दोन, आणि डिक्शनरीत पहिला अर्थ बघून आपण मोकळे होतो.

मराठीत मात्र दोन्हीला वेगवेगळे शब्द आहेत आणि हे आपल्या नाशिककरांना तरी शिकवायला नको. भूगोलाच्या पुस्तकात 'सह्याद्री हा प्रमुख जलविभाजक' असं आपण घोकलेलं असतं, आणि त्याचा अर्थ बघायचा तर त्र्यंबकला जा. ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला निघते आणि 1,465 किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा निघते ती पश्चिमेला वळून अरबी समुद्रात जाते. मधली जी धार आहे ना, जिच्या एका अंगाला पडलेला थेंब आंध्रात जातो आणि दुसऱ्या अंगाचा पालघरकडे, ती धार म्हणजे जलविभाजक. आणि पाणलोट म्हणजे धारेच्या आतली ती सगळी जमीन. जुलै उजाडला की रोज बातमी असते, 'गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस, विसर्ग वाढवला', आणि मग निम्मं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघायला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पळतं. (विसर्ग हाही काय शब्द आहे बघा, शाळेत तो दोन टिंबांचा असतो आणि धरणावर हजारो क्युसेक्सचा.)

तर कार्बन कुठून येतो? डोंगराच्या धारेवरून नाही येत. जंगलातला पालापाचोळा, शेतातली माती, दलदल, गटार, गुरांचं शेण, या सगळ्या पसरलेल्या जमिनीवरून पावसाच्या पाण्याबरोबर येतो, म्हणून पाणलोट. पाणलोटाची कामं करणारे लोक 'माथा ते पायथा' म्हणतात, त्यात माथा म्हणजे तुमचा जलविभाजक, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतचं सगळं म्हणजे पाणलोट. यापेक्षा सोपी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

आता विद्राव्य. इथे मला थोडं जास्त बोलायचंय कारण ही चूक चांगली छापलेली पुस्तकंसुद्धा करतात. आमच्या मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्यांच्या शेडमध्ये (ही मात्र पत्र्याचीच) 19:19:19 ची गोणी असते, तिला ते 'विद्राव्य खत' म्हणतात. गोणीत ते कोरडं ठणठणीत असतं, पावडर. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारं, जसं पूज्य म्हणजे पूजा करण्यालायक, पूजा झालेला नव्हे. ड्रिपच्या टाकीत टाकून काठीने ढवळलं की मग ते विरघळलेलं. नदीतला कर्ब टाकीतल्या खतासारखा आहे, गोणीतल्या नाही, म्हणून 'विरघळलेला सेंद्रिय कर्ब' लिहा. शब्द लांब होतो, होऊ दे.

आणि पोरांना हे समजावायला चहा पुरेसा आहे. गाळणीवर राहतो तो चोथा म्हणजे कणरूप कर्ब, पानांचे तुकडे, मातीचे कण वगैरे, आणि कपात उतरतो तो रंग म्हणजे विरघळलेला. प्रयोगशाळेत गाळणी फारच बारीक असते एवढाच फरक, साधारण 0.45 मायक्रॉनची, आणि केस असतो ढोबळ 70 मायक्रॉन जाड. त्यातून खाली उतरलं ते विरघळलेलं, वर राहिलं ते कण. खरं म्हणजे ही रेषा माणसानेच आखलीय, पाण्याला ती माहीत नाही, कारण फार बारीक कणही खाली उतरतातच. पण कुठेतरी गाळणी धरावीच लागते.

कर्ब की कार्बन? शाळेचं पुस्तक आता कार्बन म्हणतं, तर कार्बन लिहिलं म्हणून कोणी मार्क कापणार नाही. पण माझं मत कर्बच्या बाजूने आहे. मामांच्या माती परीक्षणाच्या कागदावर सामू, नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर 'सेंद्रिय कर्ब' असतो, मागच्या वेळी 0.48 टक्के आला होता आणि घरात दोन दिवस तोच विषय. म्हणजे हा शब्द कोशात पडून नाहीये, लोक त्याच्यावर पैसे खर्च करतात, आणि पहिल्या वळवाने बांध फुटला की 'कस वाहून गेला' म्हणतात तेव्हा त्या कसातला मोठा भाग हाच कर्ब असतो. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी असा कागद असेल. शिवाय कर्बोदके तर आपण म्हणतोच, कर्ब अधिक उदक, 'कार्बोहायड्रेट'चं सरळसरळ मराठी. एकच अडचण, शहरातल्या पोराला कर्ब वाचून फुटपाथची कड आठवते.

सेंद्रिय बद्दल शंका नको. स + इंद्रिय, ज्याला इंद्रियं आहेत ते, म्हणजे सजीवाकडून आलेलं. इंग्रजी 'ऑरगॅनिक'ही ऑर्गन म्हणजे इंद्रियावरूनच. 1828 मध्ये व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला आणि सजीवाशिवाय असे पदार्थ होत नाहीत ही समजूत ढिली पडली, पण नाव तेच राहिलं.

हिमनदीकडे येतो. हिमनदी बरोबर आहे, हिंदीत हिमनद. गढवालमध्ये लोक तिला बामक म्हणतात आणि लाहौलकडे शिगरी, हे शब्द मला फार आवडतात पण आठवीच्या भित्तिपत्रकात नकोत. बर्फात कर्ब कुठला, असं पोरं विचारणार हे नक्की. तर बर्फावर सूक्ष्मजीव राहतात, वाऱ्याने धूळ आणि काजळी येऊन बसते, आणि हिमनदी सरकताना खाली जुनी माती, जुनी झाडंही दाबते. बर्फावरच्या त्या काळ्या धुळीला नॉर्डेनशल्ड या शोधप्रवाशाने 1870 मध्ये ग्रीनलँडला 'क्रायोकोनाइट' नाव दिलं, ग्रीकमध्ये थंडी आणि धूळ. आपण 'हिमधूळ' म्हटलं तर काय बिघडतं?

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट 2009 च्या एका अभ्यासातली आहे, अलास्काच्या आखाताकडे जाणाऱ्या पाण्याचा. हिमनद्यांच्या पाण्यातला कर्ब सुमारे 4,000 वर्षांपर्यंत जुना निघाला आणि तरी सूक्ष्मजीवांना तोच जास्त सहज पचत होता, जंगलातून आलेल्या ताज्या कर्बापेक्षा. शिळं ते पचायला जड हा आपला हिशेब इथे उलटा.

आणि शीर्षकातला क्रम बदला असं सुचवीन. 2015 च्या एका अंदाजानुसार जगभरच्या हिमनद्या आणि बर्फाच्या चादरी मिळून वर्षाला साधारण 10 लाख टन विरघळलेला सेंद्रिय कर्ब सोडतात, बर्फात साठलेला एकूण सेंद्रिय कर्ब आहे तो साधारण 6 अब्ज टन. उलट जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात नेतात तो सेंद्रिय कर्ब, कण आणि विरघळलेला धरून, 40 कोटी टनांच्या घरात. म्हणजे मुख्य मालधनी पाणलोट, हिमनद्या त्यापुढे चिल्लर, बर्फ वितळतोय तशी ती चिल्लर वाढतेय हे खरं. पाणलोट आधी लिहा.

क्रियापदाचं काय ते विचारलं नाहीत तरी सांगतो, 'वाहतूक करतात' असं लिहिलंय ते ट्रान्सपोर्टच्या ऑफिससारखं वाटतं. मराठीत नदी वाहते, हमाल ओझं वाहतो आणि रामकुंडावर आपण फुलंही वाहतो, एकच धातू. 'वाहून नेतात' म्हणा, झालं.

तर शीर्षक: 'पाणलोट आणि हिमनद्या सेंद्रिय कर्ब समुद्रापर्यंत कसा वाहून नेतात'.

आणि हो, तुमच्या भित्तिपत्रकावर जे चित्र लावलंय तो हिमनग आहे, हिमनदी नाही. नग म्हणजे न जाणारा, डोंगर, आणि हा तर समुद्रात तरंगत फिरतोय, त्यामुळे नावातच गोची आहे ते वेगळं, पण चित्र बदला. गोमुखचं लावा, गंगोत्री हिमनदीच्या तोंडाचं.