सर्टिफिकेट आहे, अनुभव नाही

प्रश्न : मुलाने बी.कॉम. करता करता सहा महिन्यांचा वेब डिझाइनचा कोर्स केला. जिथे जातो तिथे ‘दोन वर्षांचा अनुभव आहे का?’ हेच विचारतात. आता साठ हजारांचा ॲडव्हान्स कोर्स करायचा म्हणतोय. करू द्यावा का? – एक आई, सांगली

ताई, साठ हजार तूर्त बँकेतच राहू द्या.

एचटीएमएल, सीएसएस या साइट बांधायच्या भाषा तो शिकलाय. पण कोर्समध्ये मजकूर नीटनेटका मिळतो, फोटो एका मापाचे असतात आणि गिऱ्हाईक नसतं. खरं गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सॲपवर टाकतं आणि मजकूर देतं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधला. तो साइटवर पेस्ट केला की मराठीच्या जागी नुसती रोमन अक्षरं नि चिन्हं. एकदा रात्रभर बसून सगळं पुन्हा टाइप केलेला मुलगा पुढच्या वेळी पैसे ठरवण्याआधीच विचारतो, ‘मजकूर युनिकोडमध्ये आहे ना?’ (म्हणजे कुठेही पेस्ट केला तरी मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत.)

तसंच अक्षरांमधल्या अंतराचं. इंग्रजी शीर्षकाला ते वाढवलेलं शोभतं. मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळी जवळ आणल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पुस्तकात हे क्वचितच सापडतं.

माझ्याकडे येणाऱ्या एकाने केटरिंगवाल्या काकांची साइट केली. देखणी होती. महिन्याभराने काका म्हणाले, ‘फोन काही येत नाही रे.’ नंबर बॅनरच्या चित्रातच होता, दाबला तरी लागायचा नाही! त्याने तो साध्या मजकुरात आणला, दाबताच फोन लागेल अशी लिंक दिली. पुढच्या मुलाखतीत पंधरा मिनिटं यावरच बोलणं झालं, सर्टिफिकेट फाइलमध्येच राहिलं.

नुसती वर्षंही कामाची नाहीत. साइटवर हलती चित्रं दाखवायच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर दहा-दहा वर्षं काढलेल्यांची ती विद्या २०२० अखेर ॲडोबीने फ्लॅशच बंद केल्यावर संपली. (आयफोनने फ्लॅशला दारातच उभं केलं नाही, तेव्हाच ओहोटी लागली होती म्हणा.) त्यांच्याकडे उरलं ते गिऱ्हाईकाचं म्हणणं ओळखण्याचं कसब, आणि त्यावर ते पुन्हा उभे राहिले.

तेव्हा मुलाला ओळखीतली दोन छोटी कामं घेऊ द्या. एखादा दवाखाना, एखादं हळदीचं दुकान. फुकट नको, फुकटच्या कामात गिऱ्हाईक ना मजकूर वेळेवर देतं, ना चुका सांगतं. पाच-सात हजार घ्यावेत, निम्मे आधी. साइट सुरू झाल्यावर वर्षभर ती त्यानेच सांभाळावी, कारण खरी दुखणी नंतरच निघतात. काय बिघडलं, कसं सुधारलं, हे दोन-दोन ओळींत लिहून ठेवावं. मुलाखतीला तेच न्यायचं.

मध्येच एखाद्या छोट्या स्टुडिओत आठ-दहा हजारांवर बोलावलं तर जाऊ द्या. फक्त त्याचं काम रोज बघून चुका काढणारं कुणी सीनियर तिथे आहे का, एवढं आधी विचारायला सांगा. नसेल तर घरचीच दोन कामं बरी.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, गिऱ्हाईकाच्याच नावावर घ्यायचं. उद्या बिनसलं तर भांडण तिथूनच सुरू होतं.