प्रेमप्रकरणातला खून 'रागाच्या भरात झाला' म्हटलं की शिक्षा कमी होते का?

नाही, नुसतं तेवढं म्हणून शिक्षा कमी होत नाही. तुम्ही लिहिलंय की प्रेयसीचा दुसऱ्या पोराशी संबंध आहे हे आरोपीला दुपारी कळलं आणि संध्याकाळी त्यानं चाकू घेऊन जाऊन त्या पोराला मारलं, तर मधले हे तासच त्याच्या विरोधात जातात. मी सोलापूर कोर्टात फौजदारी केसेस चालवतो, अशा मॅटरमध्ये आजही नानावटी खटल्याचा दाखला निघतोच. १९५९ ला मुंबईत नौदल अधिकारी नानावटीला बायकोनं प्रेमसंबंध कबूल केले, त्यानं तिला आणि मुलांना थिएटरवर सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग तिचा प्रियकर आहुजा याच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीनं (निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी) सोडलं होतं त्याला, पण हायकोर्टानं जन्मठेप दिली आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली, कारण काय तर तीनेक तासांत माणूस भानावर येतो आणि त्याच्या वागण्यात ठरवून केल्याचं दिसत होतं. (पुढं १९६४ ला माफी मिळाली, पण तो राज्यपालांचा अधिकार, कोर्टाचा निकाल नव्हे.)

चिथावणीमुळं ताबा सुटून मारलं तर तो खून धरत नाहीत, आता भारतीय न्याय संहितेत तोच नियम कलम १०१ च्या अपवाद १ मध्ये आहे, पण चिथावणी गंभीरही पाहिजे आणि अचानकही. दोघांना समोर बघून तिथल्या तिथं ताबा सुटला असेल, हत्यार आधीपासून आणलेलं नसेल, तर मात्र वकील कलम १०३ (खुनाची शिक्षा) ऐवजी कलम १०५ (खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा) मागू शकतो, आणि तिथंही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.