पटावर 7, गाडीत 9

बाईंना विचारा : निवृत्त केंद्रप्रमुखांचं सदर

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची वाडी राजापूर तालुक्यात. शाळा पहिली ते पाचवी, यंदा पट 7. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. शाळा गावठाणातल्या मोठ्या शाळेला जोडणार अशी कुणकुण लागली, म्हणून सभा घेतली. निम्मे म्हणाले, टाळं लावू देणार नाही. माझी जाऊ उठून म्हणाली, "लागू दे की! दुसरीत एकटाच पोरगा, त्याने खेळायचं कोणाशी?" तिची दोन्ही मुलं गाडीने तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात. वाडीतली अशी 9 मुलं आहेत. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. ठराव लिहायचाय, काय लिहू? – एक आई

उत्तर : ताई, आधी जावेशी बोला. ती खोटं बोललेली नाही. लंगडीलाही गडी पुरत नाहीत अशा शाळा मी पाहिल्यात. दुसरीतला तो एकटा पोरगा पाढे म्हणताना चुकला तर हसायलाही कोणी नसतं, आणि हसणारं कोणी असावं लागतं. शिवाय गाडीतली 9 मुलं उद्या परत आली तरी पट 16 होतो, 20 नाही. त्यामुळे "तुमच्यामुळे शाळा बुडाली" हे भांडण हिशोबातही बसत नाही.

वीसचा आकडा तुम्हाला ऐकवला जाईलच. 2023 मध्ये शासनाने समूहशाळांचे, म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात वीसच्या आतल्या पटाच्या शाळा 14,783 आणि त्यांत मुलं 1,85,467 होती. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं. वर बसून हा भागाकार करणाऱ्याला शाळा उधळपट्टी वाटते, आणि मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळच्या समूहशाळा दाखवतात. दाखवू देत. तुम्ही एवढंच विचारा, आमच्यासाठी गाडी कुठाय?

आता माझी गोष्ट. सदरात सांगावी की नाही, असा बरेच दिवस विचार करत होते. केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या शाळांवर देखरेख करत असताना एका मे महिन्यात कमी पटाच्या शाळांची अंतरं मागवली गेली. एका वाडीतून मोठ्या शाळेपर्यंत पायवाटेने मी स्वतः चालले. काजूच्या बागेतून, साकवावरून, फार तर दीड किलोमीटर. तेवढंच लिहिलं, सही केली. साकवाखालचा पऱ्या, म्हणजे ओढा, तेव्हा कोरडा ठणठणीत होता, त्यात गुरं उभी होती. त्या अंतरावर वाडीची शाळा बंद झाली, आणि जुलैत साकवावरून पाणी गेलं. उरला डांबरी रस्ता, वळसा घालून चार किलोमीटर. पाच मुलांपैकी तिघं मुलगे भिजत जायचे. तिसरीतल्या दोन मुली गणपतीपर्यंत घरी बसल्या. त्यातली एक मला बाजारात भेटली, डोक्यावर केळीच्या पानांचा भारा. "बाई, पाणी उतरलं की येते," म्हणाली. माझ्याच सहीने ती घरी बसली होती.

तर तुमचा ठराव "शाळा वाचवा" असा नको. वाट मोजा. उन्हाळ्यात नाही, जुलैत. समितीतल्या चार आया, एक शिक्षक आणि पहिलीतलं एक मूल घेऊन चाला. घड्याळ लावा, कारण पहिलीतलं पाऊल मोठ्याच्या निम्मं असतं. पऱ्यावरून पाणी किती दिवस जातं, दरड कुठे येते, वाटेत घर नसलेला टप्पा किती, सगळं तारखेसह लिहा. शिक्षण हक्क कायद्याचे राज्याचे 2011 चे नियम पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत सांगतात. त्याच नियमात किमान वीस मुलांची अट आहे. साहेब तिच्यावर बोट ठेवतील. तेव्हा पान उलटायला लावा: अवघड भूभाग, दरडी, पूर, रस्ता नसणं, अशा ठिकाणी मुलांचा धोका टळेल अशी शाळा द्यायची आहे. तुमची वाट या चारांत बसते का, हे मोजणीच सांगेल. बसत नसेल, बारमाही रस्ता असेल, तर मी तुमच्या जावेच्या बाजूची. पण मग ठरावात लिहा: गाडी आधी, तिच्याबरोबर एक बाई, आदेश हातात, टाळं नंतर. "गाडीची सोय करण्यात येईल" या वाक्याच्या भरवशावर एकही मूल पाठवू नका.

शाळा राहिली, तर त्या दुसरीतल्याचं काय? माझ्या केंद्रात आम्ही शनिवारी तीन वाड्यांची मुलं एका पटांगणावर आणायचो. आळीपाळीने, पालकांच्या दुचाक्यांवर. खो-खोचे दोन संघ कसेबसे व्हायचे. जावेलाच विचारा, शनिवारी तिची पोरं येतील का.

ठराव समितीत करा, मग ग्रामसभेत मांडा, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.

प्रश्न : आमच्या वाडीची शाळा बंद होऊन दोन वर्षं झाली. गणपतीला गावी येणाऱ्यांना उतरायला ती इमारत मिळावी, असा आम्हा मुंबईकर मंडळाचा विचार आहे. हरकत आहे का? – एक चाकरमानी, डोंबिवली

उत्तर : इमारत जिल्हा परिषदेची असणार, अर्ज तिथेच करा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. जमीन कोणी बक्षीसपत्राने दिली असेल तर तो कागद आधी शोधा, नाहीतर गणपतीतच भाऊबंदकी उभी राहील. आणि उतरायच्या सोयीपेक्षा मोठं एक काम करा. दाखलखारिज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, कुठे गेलं, ते विचारा. तुमच्या आजोबांची जन्मतारीख आणि जात त्यात आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना जुनी रजिस्टरंच धुंडाळली गेली. ते मोठ्या शाळेच्या कपाटात सुखरूप असेल तर उत्तम. बंद इमारतीत राहिलं असेल, तर वाळवी गणपतीपर्यंत थांबायची नाही.