ठिपक्यांची ती, काळा तो : कोकिळेविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हं तापू लागली की मला येणाऱ्या फोटोंमध्ये एक पक्षी हमखास असतो: अंगभर ठिपके, लालबुंद डोळे. खाली प्रश्नही ठरलेला. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा साठलेले प्रश्न आज एकदमच घेतो.

प्रश्न : झाडावर तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा मोठा पक्षी बसतो. कोणी ससाणा म्हणतं, कोणी घुबडाचं पिल्लू. नक्की कोण?

कोकिळेची मादी. पाठ गडद तपकिरी आणि तिच्यावर पांढरे-बदामी ठिपके, पोट पांढरट आणि त्यावर आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे. नर मात्र निळसर झाक असलेला काळाभोर. रंगांत इतकं अंतर की दोघं शेजारी बसली तरी जोडपं वाटत नाही. दोघांचे डोळे मात्र लालच.

प्रश्न : मग 'कुहू कुहू' कोण करतं?

नर. मादी 'किक्-किक्-किक्' असं घाईघाईने ओरडते. 'कोकिळा गाते' हे कवींनी ठरवलं, तिला कोणी विचारलं नाही.

प्रश्न : लांबून कावळा आणि कोकीळ कसे वेगळे ओळखायचे?

रंग विसरा. आधी चोच पाहा: कावळ्याची जाड, काळी, कोकिळाची फिकट हिरवट. मग डोळा: कावळ्याचा गडद, कोकिळाचा लाल. मग शेपटी: कोकिळाची लांब, अंगही सडपातळ. गावकावळ्याची मान राखाडी असते, तेवढ्यानेही काम होतं. एक अडचण आहे. कोकिळाच्या पिल्लाची चोच काळी असते आणि वरची पिसं नरासारखी काळपट, म्हणून कावळ्याच्या घरट्याजवळचं पिल्लू भलेभले चुकीचं ओळखतात. शंका असेल तर अनुभवी पक्षीनिरीक्षकाला दाखवा. मोबाईलमधल्या ॲपने दिलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे.

प्रश्न : कोकिळेचं पिल्लू कावळ्याची पिल्लं खाली ढकलून देतं, हे खरं का?

तो उद्योग युरोपातही आढळणाऱ्या करड्या कोकिळाच्या पिल्लाचा. आपला काळा कोकीळ सहसा तसं करत नाही. घरट्याला हात लावू नका.

प्रश्न : आठवड्यापूर्वी अंगणात कोकीळ पडलेला मिळाला. पिसं निस्तेज आहेत, एक पंख लोंबतो. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून खोबरेल आणि हळद लावतो आहोत. दुकानदाराने पिसं चमकवणारे थेंबही दिले. फरक कधी दिसेल?

आठवडा! लोंबणारा पंख घेऊन तो पक्षी आठवडाभर तुमच्याकडे आहे आणि तुम्ही चकाकीची वाट पाहताय?

पीस म्हणजे काय ते आधी समजून घ्या. मधे एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी तंतू, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू आणि त्यांना इवले आकडे. हे आकडे एकमेकांत अडकले की पीस सपाट, सलग राहतं. पक्षी दिवसभर चोचीने पिसं विंचरत बसतो तो हे आकडे पुन्हा जुळवायला. कोकिळाचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. त्यावरची निळी झाक ही त्या बारीक तंतूंच्या रचनेतून प्रकाश परतताना दिसते, ती वरून लावता येत नाही. तेल लावलंत की तंतू चिकटतात, आकडे सुटतात, पिसांत कोंडलेली हवा निघून जाते. मग पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी गारठतो. शिवाय अंग साफ करताना ते तेल आणि हळद तो गिळतो. काकूंचा हेतू चांगला असेल, उपाय घातक आहे.

आता ते थेंब. पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखासारखं निर्जीव असतं. पोटात काहीही घाला, ते चमकत नाही. ते गळून नवं येईल तेव्हाच रंग ताजा दिसतो. मुनियांना रंग फासून 'रंगीत चिमण्या' म्हणून विकणाऱ्या बाजाराकडून पिसांचं शास्त्र शिकू नका.

निस्तेज पिसं म्हणजे आजारच असं नाही. पिसं गळण्याआधी झिजलेली असतातच. पण ती झीज आहे, उपासमार आहे की आजार, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि पत्रावरून मीही ठरवणार नाही. लोंबता पंख, फुगवलेलं अंग, अर्धवट मिटलेले डोळे यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठायचा. तोवर भोकं पाडलेलं खोकं, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दूधही नको. आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे कोकीळ घरी ठेवता येत नाही, त्यामुळे वन विभागाला कळवणं तुमच्या मर्जीवर नाही. आज जा.

प्रश्न : शिकऱ्यासारखा करडा पक्षी 'पेरते व्हा' ओरडतो. कोकीळच का?

पावशा. कुळ कोकिळाचंच. करडी पाठ, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळं कडं, उडण्याची ढबही शिकऱ्याची, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याची. लहान पक्षी त्याला पाहून बिथरतात. त्याची मादी अंडी घालते सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात, तेव्हा या सोंगाचा त्याला उपयोग होत असणार. शिकऱ्याची आकडेदार चोच आणि धारदार नख्या मात्र त्याच्याकडे नाहीत. फोटोत चोच आणि पाय दिसत नसतील तर मला पाठवू नका, दुर्बीण असलेला जाणकार शोधा.

प्रश्न : भारद्वाजही कोकिळाच ना? तो दिसला की धनलाभ होतो म्हणतात.

कुळ तेच. अंग काळं, पंख विटकरी, डोळे लाल, नर-मादी दिसायला सारखे. घरटं स्वतः बांधतो, पिल्लंही स्वतः वाढवतो. धनलाभाचं त्यालाच विचारा.

प्रश्न : आमच्याकडच्या काळ्या कोकिळाच्या पंखात एक पांढरं पीस आहे. औषध द्यावं का?

नाही. त्या पिसात रंगद्रव्य उतरलं नसेल. उडतोय, खातोय, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पांढरी पिसं वाढत गेली किंवा उडणं मंदावलं, तर लांबून काढलेले दोन-तीन फोटो घेऊन पशुवैद्याकडे जा. पकडून नेऊ नका.