दुखणे गुडघ्याचे, काळजी श्वासाची

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून आम्ही लालबागला राहतो. ते पूर्वी गिरणीत कामाला होते आणि विडीही ओढत असत. सीओपीडीसाठी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजारासाठी) ते दोन इनहेलर घेतात आणि गेल्या पावसाळ्यापासून घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याची गोळी चालू आहे. वजन ४६ किलो. गुडघे फार दुखतात म्हणून घराजवळच्या केमिस्टकडून अ‍ॅसेक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा घेतात. हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉलची गोळी दोनदा लिहून दिली आहे, आणि पायात कळ येते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी रात्री प्रेगाबालिन सुरू केले आहे. ताप आल्यासारखे वाटले की ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल वेगळी घेतात. हल्ली ते दिवसाही पेंगतात आणि सकाळी डोके जड असल्याची तक्रार करतात. बोटाला यंत्र लावले तर ऑक्सिजन ९६ दिसतो, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. यांतली कोणती गोळी सुरक्षित आहे?

उत्तर : आपण प्रत्येक स्ट्रिपवरची घटकांची नावे उतरवून पाठवलीत, हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बारीक अक्षरांतच आहे. पण आधी तातडीचे सांगतो. दिवसा पेंग येणे आणि सकाळी डोके जड असणे ही दोन लक्षणे आपल्या वडिलांच्या बाबतीत वयावर किंवा थकव्यावर ढकलू नका. शरीरातला कार्बन डायऑक्साइड साठत चालल्याचे ते लक्षण असू शकते. बोटाला लावायचे यंत्र फक्त ऑक्सिजन मोजते, कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. विशेषतः घरी ऑक्सिजन चालू असताना आकडा चांगला दिसतो आणि आत वायू साठत राहतो. अशा रुग्णांत ऑक्सिजन ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवणे हेच साधारणपणे उद्दिष्ट असते. ९६ दिसते म्हणून निर्धास्त होण्यापेक्षा, यंत्राचा प्रवाह कोणी परस्पर वाढवला आहे का, हे आजच पाहा आणि तो डॉक्टरांनी ठरवून दिला होता तेवढाच ठेवा. यंत्र मात्र बंद करू नका. उद्या-परवाकडे न ढकलता, वडिलांच्या छातीच्या डॉक्टरांना किंवा केईएम, नायर, सायन यांपैकी जवळच्या रुग्णालयात दाखवून धमनीतल्या रक्ताची वायुतपासणी करून घ्या. ते उठवूनही नीट जागे होत नसतील किंवा असंबद्ध बोलत असतील तर वाट न पाहता १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता गोळ्यांकडे वळू. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातल्या औषधांचे भावंड असून मेंदूतल्या श्वासकेंद्राला ते मंद करू शकते. प्रेगाबालिन अफूवर्गातले नाही, पण त्यानेही गुंगी येते आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन यांच्याबद्दल सीओपीडीचे रुग्ण, वृद्ध व्यक्ती आणि अफूवर्गातली औषधे घेणारे यांना उद्देशून खास इशारा दिला होता. आपले वडील या तिन्ही गटांत बसतात. लिहून देणाऱ्या दोन डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसल्या होत्या का, हे मला ठाऊक नाही. मुंबईत एकाच रुग्णाची तीन ठिकाणी तीन कागदपत्रे असतात आणि त्यांची भेट फक्त घरच्या कपाटात होते. रात्री झोपेची गोळी किंवा मद्य यांची यात भर पडत असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

याशिवाय एक साखळी आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अ‍ॅसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असलेल्या माणसात हा ताण तिहेरी होतो आणि मूत्रपिंड अचानक मंदावू शकते. प्रेगाबालिन शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडातूनच. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पायातल्या कळेच्या गोळीचे प्रमाण रक्तात वाढवू शकते आणि गुंगी त्यातून येऊ शकते. या जातीच्या गोळ्यांनी अंगात पाणीही साठते, आणि फुफ्फुसांच्या जुन्या आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला असेल तर पायांवर सूज आणि दम दोन्ही वाढतात. दम वाढल्यावर प्रेड्निसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स दिला जातो. त्याच दिवसांत अ‍ॅसेक्लोफेनॅकची गोळीही पोटात गेली तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, आणि त्यावर ॲसिडिटीची गोळी घेतली तरी मूत्रपिंडाचे संरक्षण होत नाही. यामुळे आपल्या वडिलांनी अ‍ॅसेक्लोफेनॅकची गोळी बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती अचानक थांबवली तरी अपाय नाही.

ट्रॅमाडॉल आणि प्रेगाबालिन यांचे मात्र तसे नाही. ती बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद केल्याने अस्वस्थता, घाम, झोप उडणे असे त्रास होतात, म्हणून ती कमी कशी करायची हे तपासणीच्या वेळी ठरवून घ्या. पुढच्या डोसाच्या वेळी वडील पेंगलेले असतील तर मात्र तो डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना विचारा.

उरले पॅरासिटामॉल. श्वासकेंद्रावर त्याचा परिणाम होत नाही, अंगात पाणी साठत नाही, जठराला व मूत्रपिंडाला त्याचा त्रास तुलनेने फारच कमी, म्हणून फुफ्फुसांचा आजार असलेल्यांसाठी पहिली निवड तीच. मात्र त्याची मर्यादा आहे. सुदृढ प्रौढाला २४ तासांत चार ग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि यकृताचा आजार, मद्यपान किंवा वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर ती मर्यादा खाली आणावी लागते. ४६ किलोच्या वृद्ध माणसाला मी स्वतः सहसा दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दोन गोळ्यांत किमान चार-सहा तासांचे अंतर ठेवून. आपल्या वडिलांच्या दोन्ही जोडगोळ्यांत प्रत्येकी ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. दोन्ही दोनदा घेतल्या की १३०० मिलिग्रॅम झाले, आणि त्यावर ६५०ची गोळी दोनदा घेतली की २६००. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही ते दडलेले असते. कॉम्बिफ्लाम हीसुद्धा आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी आहे, हे अनेकांना माहीत नसते. केमिस्टला ‘दुखण्याची गोळी द्या’ असे न म्हणता ‘फक्त पॅरासिटामॉल ५०० द्या’ असे म्हणावे, आणि हातात आलेल्या स्ट्रिपवर दुसरे नाव दिसले तर ती परत करावी.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचे मलम हा पोटातल्या गोळीपेक्षा पुष्कळ सुरक्षित पर्याय आहे, कारण त्यातला थोडाच अंश रक्तात उतरतो. तरीही मूत्रपिंडाची तपासणी बिघडलेली असेल तर तेही विचारूनच लावा. खोली लहान असेल तर फवाऱ्याचे औषध टाळा, कारण त्याच्या वासाने आणि तुषारांनी खोकला चाळवतो. उग्र वासाच्या बामने काहींना तसाच त्रास होतो. गरम पाण्याची पिशवी, काठी, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांना लोक दुय्यम समजतात. चाळीचे दोन जिने चढउतार करणाऱ्या माणसाला त्यांचाच उपयोग अधिक टिकतो. फुफ्फुसांसाठी जो व्यायामाचा कार्यक्रम सांगितला जातो, त्यातच गुडघ्याचे व्यायाम बसवता येतात.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण मला विचारावीशी वाटते : कंबर किंवा पाठ कधी अचानक, खोकताना किंवा बादली उचलताना दुखू लागली होती का? वारंवार स्टेरॉइडचे कोर्स घेतलेल्या रुग्णांची हाडे ठिसूळ होतात आणि मणका दबतो. तो दबला की खोल श्वास घेताना व खोकताना कळ येते, रुग्ण खोकणे टाळतो, कफ आतच राहतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून ‘गोळ्या धोक्याच्या, तर सहन करू’ हाही मार्ग सुरक्षित नाही. पाठीचा एक्स-रे काढून घ्या. मणका दबलेला निघाला तर हाडे बळकट करणारे उपचार सुरू करावे लागतील.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून गोरेगावला राहते. मला दमा आहे आणि नाकातल्या मांसाच्या वाढीची दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. दाढ काढल्यावर केटोरोलॅकची गोळी घेतली आणि तासाभरात नाक गळू लागले, छाती घट्ट झाली. दुसऱ्या दाढेचीही वेळ आली आहे. काय करू?

उत्तर : दमा, नाकातली वाढ आणि अशा गोळीनंतर अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत येणारा झटका, हे तिन्ही एकत्र असतील तर अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या सर्वच गोळ्या आपल्याला वर्ज्य समजाव्यात, तज्ज्ञ वेगळे सांगेपर्यंत. यात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन आणि केटोरोलॅक सगळी आली. एकाने झटका आला म्हणून दुसरी चालेल, असे होत नाही. दंतवैद्याला हे खुर्चीवर बसण्याआधी सांगा आणि आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना चालते, मात्र १००० मिलिग्रॅम एकदम घेतल्यास अशा काही रुग्णांना सौम्य त्रास होतो. एटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिब बहुधा सोसते, परंतु पहिली मात्रा दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावी. दाढ काढायच्या दिवशी दमा आटोक्यात असणे आणि इनहेलर पर्समध्ये असणे आवश्यक आहे. दमा असलेल्या प्रत्येकालाच ही बंदी लागू होत नाही, हेही आपल्या दमेकरी मैत्रिणींना सांगा, कारण आपले पाहून त्या उगाच घाबरतील.

प्रश्न : आईला पूर्वी क्षयरोग होऊन गेला, आता फुफ्फुसे फार निकामी झाली आहेत आणि बसल्या जागी दम लागतो. डॉक्टरांनी मॉर्फिन थोड्या प्रमाणात सुचवले आहे. आपण अशा औषधांपासून सावध राहायला सांगता, मग हे कसे?

उत्तर : शंका रास्त आहे. सगळे उपचार करूनही न हटणाऱ्या दमासाठी आणि तीव्र वेदनेसाठी, अतिशय कमी मात्रेपासून सुरुवात करून, देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन आणि केमिस्टकडून आणलेली ट्रॅमाडॉलची गोळी यांत मोठा फरक आहे. मात्रा ठरवणारा माणूस रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड, मूत्रपिंड आणि चालू असलेली इतर औषधे पाहूनच सुरुवात करतो, आणि बद्धकोष्ठतेसाठी रेचक पहिल्या दिवसापासून देतो. डॉक्टरांनी हे तपासले आहे का, रात्री कुणाला फोन करायचा, आणि आई फार पेंगली तर पुढची मात्रा कधी टाळायची, ही तीन उत्तरे लिहून घ्या. परेलच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करतो. आईचा आजार वेगळा असला तरी, अशा उपचारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचे नाव सुचवा, अशी विनंती आपल्या छातीच्या डॉक्टरांकडे जरूर करा. २०१४ साली अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे अशी औषधे रुग्णांपर्यंत पोहोचणे सोपे व्हावे अशी तरतूद झाली आहे, त्यामुळे ती मागताना संकोच बाळगू नये. औषध कुलपात ठेवावे आणि उरलेले दुसऱ्या कुणालाही देऊ नये.