खोगीर शिवणारा राष्ट्राध्यक्ष

प्रश्न : जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणे घोड्यांची खोगिरं शिवायचा. खरंय का? आणि मग कामगारच त्याला गद्दार का म्हणायचे?

उत्तर : अगदी खरंय. फ्रीडरिश एबर्ट नाव त्याचं. जन्म १८७१चा, हायडलबर्गचा, बाप शिंपी, नऊ पोरांतला हा सातवा. शाळा सुटली की थेट खोगिराच्या कामावर, मग कामासाठी गावोगाव फिरणं, त्यातच युनियनचा नाद लागला आणि पोलिसांच्या काळ्या यादीत नाव गेलं. शेवटी ब्रेमेनला स्थिरावला, तिथे बिअरचा गुत्ता चालवला आणि तोच कामगारांचा अड्डा झाला. पुढे कामगारांना विम्याचे, कायद्याचे सल्ले द्यायची पगारी नोकरी, मग सोशल डेमोक्रॅटिक या कामगारांच्या पक्षात वर वर चढत १९१३ला पक्षाचा अध्यक्ष, १९१८च्या नोव्हेंबरात कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार झाला तेव्हा सत्ता हातात, आणि फेब्रुवारी १९१९ला राष्ट्राध्यक्ष. कॉलेजचं तोंडही न बघता!

आता गद्दारीचं. १९१४ला त्याच्या पक्षाने पहिल्या महायुद्धाच्या कर्जाला मत दिलं, त्याचे स्वतःचे दोन मुलगे त्याच युद्धात मारले गेले. पण कामगारांचा खरा राग जानेवारी १९१९चा. बर्लिनमधला डाव्यांचा उठाव मोडायला त्याच्या सरकारने फ्रायकोर, म्हणजे उजव्या विचारांच्या माजी सैनिकांच्या टोळ्या वापरल्या आणि त्यांनी डावे नेते रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेश्टला मारून टाकलं. हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही, देश यादवीत जाईल ही भीती खरी होती तरीही.

पण उजवे लोक त्याच्याशी जे वागले ते वाचून जीव तुटतो. त्याचा पोहण्याच्या चड्डीतला फोटो छापून टिंगल केली, खोगीरवाला म्हणून हिणवलं, आणि या सगळ्याविरुद्ध तो कोर्टात जात राहिला, दीडशेच्या वर खटले झाले. डिसेंबर १९२४ला माग्डेबुर्गच्या कोर्टाने काय केलं, तर बदनामी करणाऱ्या संपादकाला शिक्षा दिली पण वर हेही म्हटलं की युद्ध चालू असताना १९१८ला झालेल्या कामगारांच्या संपात सामील झाला म्हणजे कायद्याने एबर्ट देशद्रोहीच, आणि तो तर सांगत होता की संप लवकर मिटावा म्हणून मी कमिटीत गेलो. या धावपळीत अपेंडिक्सचं दुखणं अंगावर काढलं आणि २८ फेब्रुवारी १९२५ला गेला, वय फक्त ५४. त्याच्या जागी लोकांनी निवडला फील्डमार्शल हिंडेनबुर्ग, ज्याने १९३३ला हिटलरला चान्सलर केलं.