साडेपाच वर्षांच्या मुलाला रोबोचा कंटाळा आला, तर कोडिंगसाठी टॅब घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बटणं दाबून सूचना भरल्या की जमिनीवर चालणारा, मधमाशीसारखा दिसणारा बी-बॉट नावाचा रोबो आणला, आठवड्याभरात तो कोपऱ्यात जाऊन पडला, आणि आता मुलाचं वय लहान आहे की सरळ टॅबवरचं ॲप घ्यावं, हे कळत नाही. पण त्याखाली तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय: 'तो चुकीचं बटण दाबायला लागला की मी लगेच सांगते.' मी उत्तर लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

सांगू नका. कंटाळ्याचं मूळ मला तिथेच दिसतंय.

मी बालवर्गाला शिकवते आणि आमच्या वर्गात हाच रोबो आहे. सूचनांची बटणं ओळीने दाबायची आणि शेवटी 'गो' दाबलं की तो त्या क्रमाने चालतो; एका 'पुढे'ला 15 सेंटीमीटर, एका वळणाला 90 अंश, हे तुम्हाला माहीत असणारच. फुलीचं बटण मात्र बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. ते दाबल्याशिवाय रोबो आधीच्या सूचना विसरत नाही; नव्या सूचना जुन्यांच्या मागे जोडल्या जातात.

एका वर्षी पालकांना बोलावून कार्यक्रम ठरला. चौकटींचा मोठा कागद, एका चौकटीत फूल, एका चौकटीत मधाचं पोळं. आमच्या मोठ्या बाईंनी मार्ग ठरवून दिला: पुढे, पुढे, उजवीकडे, पुढे, पुढे, पुढे. दोन आठवडे मुलांकडून तो पाढ्यासारखा पाठ करून घेतला. मी म्हटलं, फूल आणि पोळं रोज हलवूया, मुलांना मार्ग शोधू द्या. त्या म्हणाल्या, "पालक बघायला येणार आहेत, प्रयोग करायला नाही." मी गप्प बसले. ते चुकलंच माझं.

त्या दिवशी पहिल्या मुलीचा रोबो बरोबर पोळ्यावर गेला. मग एका मुलाने तो उचलून परत फुलावर ठेवला आणि तीच सहा बटणं न चुकता दाबली. फुली दाबायची राहिली. रोबो पोळ्यावर पोचला, थांबला नाही, तसाच पुढे जात कागदाबाहेर पडला, उजवीकडे वळला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली शिरला. मुलाने हात मागे बांधून घेतले. मोठ्या बाई लगबगीने आल्या, रोबो उचलला, स्वतः फुली दाबली, स्वतः सहा बटणं दाबली. रोबो पोळ्यावर गेला आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझ्या पायाशी बसलेली एक मुलगी बोटं मोजत म्हणाली, "त्याने तेच दोनदा केलं."

पाच वर्षांची मुलगी! प्रोग्रॅममधली चूक हुडकणं म्हणतात ते हेच, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फुली न दाबता तोच खेळ मांडला. ती मुलगी म्हणाली, "तू रोबो हो," आणि कालच्याच मुलाला फरशीच्या चौकटींवर उभं केलं. तो सहा सूचना चालून थांबला. ती म्हणाली, "संपलं नाही, आता परत पहिल्यापासून." तो चालत थेट दप्तरांच्या कपाटापर्यंत गेला आणि तिथूनच ओरडला, "म्हणजे मी काल बरोबरच दाबलं होतं!" चाळीस मिनिटं गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, "चाळीस मिनिटं एका बटणावर?" हो, एका बटणावर. आजही तेवढीच देईन.

स्वतः रोबो होऊन चालायची युक्ती त्या मुलीने शोधली, पण कल्पना जुनी आहे. 1967 साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी लहानांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली, पुढे तिच्यावर चालणारा जमिनीवरचा रोबो आला, त्याला कासव म्हणत. पॅपर्ट मुलांना हेच सांगत, की कासव कसं वळेल ते कळत नसेल तर स्वतः तसं चालून बघा. वयाचं म्हणाल, तर 1970च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी अगदी शाळेत जायच्या वयाआधीच्या मुलांसाठी त्या कासवाला बटणांची पेटी जोडली होती. तेव्हा साडेपाच वर्षं कमी नाहीत.

तुमचा मुलगा बहुधा वळणावर अडतोय. 'उजवीकडे' दाबलं की रोबो उजवीकडच्या चौकटीत जाईल असं या वयात जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तो तर जागच्या जागी वळतो. आणि रोबोचं तोंड मुलाकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. मुलाला रोबोच्या मागे बसवा. 'गो' दाबण्याआधी तो कुठे थांबेल असं वाटतं, त्या चौकटीत एक खडा ठेवायला सांगा. खडा चुकला तर चुकू दे, मग त्यालाच चालून बघू दे.

टॅब मी आत्ता घेणार नाही. पडद्यावरच्या चौकटींत त्याला स्वतः उभं राहता येत नाही. अर्थात ज्या मुलाला जमिनीवर बसणं-फिरणं अवघड आहे, त्याच्यासाठी ॲपच बरं. असं एक मूल माझ्या वर्गात होतं आणि ते टॅबवर फार छान रमलं. शिवाय माझ्या वर्गात मुलं एकमेकांच्या चुका पकडतात, घरी तुम्ही दोघंच. मग कधी सूचना तुम्ही द्या, त्यातली एक चुकवा आणि त्याला शोधू द्या. रोबो वळताना अर्धवट वळत असेल तर आधी बॅटरी बघा आणि जाड गालिचावरून त्याला फरशीवर आणा, नाहीतर मुलाला वाटेल आपणच चुकलो.

आणि घरी कुणी आलं की "दाखव बरं" म्हणून त्याला रोबो चालवायला बसवू नका, निदान वर्षभर तरी.